समईखालची पाचर

कळकवाडीची काळकाई हलत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डोंगराच्या कुशीत, देवराईच्या काळोखात ती उभी. पुरुषभर उंचीचा काळाकुळकुळीत दगड, त्यावर शेंदूर, चांदीचे डोळे. तिचं मूळ पाताळात आहे म्हणे. कुणा गोऱ्या साहेबानं हत्ती लावून ओढून पाहिली. हत्ती मेला, साहेब आंधळा झाला, देवी होती तिथंच. कोकणातल्या दर तिसऱ्या देवीनं एकेक साहेब आंधळा केलेला आहे. एवढे आंधळे साहेब राज्य कसं करत होते, हे त्या देवींनाच ठाऊक! पण गावात असं बोलायची सोय नाही.

ही गोष्ट पुढच्या, फार लांबच्या नव्हे अशा काळातली. तेव्हा पाऊस पडत नसे, ओतत असे. दर वर्षी कुठला ना कुठला डोंगर खाली यायचा आणि पायथ्याची वाडी गिळायचा. मग शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती काढली. वालाच्या दाण्याएवढे कण तयार केले आणि ते उतारांवर हजारोंनी पेरले. हे कण मातीत पडल्या पडल्या एकमेकांना हाका मारत. हाक पोचायला किती वेळ लागला त्यावरून आपल्यातलं अंतर काढत. आणि या सगळ्यांचा एक म्होरक्या असे: पक्क्या खडकात ठोकलेली वीतभर पोलादी कांडी. तिला म्हणायचं मूळबिंदू. कांडीपासून कण किती आणि कुठल्या दिशेला सरकला, ते त्याचं विस्थापन.

विस्थापन शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. वस्तू पहिल्या जागेपासून सरळ रेषेत किती सरकली, एवढंच त्यात बघायचं. वाटेत तिनं किती वणवण केली, त्याच्याशी कर्तव्य नाही. मात्र 'कुठून मोजायचं' हे आधी ठरवावं लागतं. ती एक जागा अढळ धरायची आणि बाकीच्या जगाकडे तिथून बघायचं.

पूर्वी वाडी उठवायची की नाही, हे साहेबलोक ठरवत. साहेब घाबरट. जरा आभाळ भरून आलं की वाड्याच्या वाड्या शाळांमध्ये नेऊन कोंबत, आणि डोंगर आपला जागच्या जागी. चार-पाचदा असं झाल्यावर लोक साहेबांच्या अंगावर धावून गेले. तेव्हा कायदाच झाला की यापुढे माणसानं तोंड घालायचं नाही. विस्थापनाचा आकडा वाढला की यंत्रच हुकूम सोडेल. वाडीतल्या प्रत्येकाच्या फोनवर भोंगा वाजेल, गाड्या निघतील, छावणी उघडेल. विस्थापितांची यादीसुद्धा त्याच आकड्यावरून निघेल. आकडा बोलला नाही तर कलेक्टरांनीही गप्प बसायचं. गावानं आपणहून ठरवून निघायचं असेल तर खुशाल निघावं.

कळकवाडीत कण पेरले तेव्हा मूळबिंदू कुठं ठोकायचा असा प्रश्न आला. मानकरी यशवंतराव मांडवकर हसत सुटले. "अहो, काळकाई असताना दुसरा खडक कशाला शोधता? तिच्याहून अढळ काय आहे?" शहरातून आलेल्या तज्ज्ञानं दगडावर हातोडी वाजवून पाहिली. खणखणीत आवाज आला. गुरवानं देवीला कौल लावला, तोही हो आला. कांडी देवीच्या पाठीत बसली आणि तज्ज्ञाला नारळ मिळाला. देवराईच्या गच्च पानांतून उपग्रहाचा इशारा कांडीपर्यंत पोचत नव्हता, आणि तिथली फांदी तोडायला बंदी. तज्ज्ञानं यंत्रात लिहून टाकलं: मूळबिंदू, स्थिर. झालं! यंत्रानंही हात जोडले.

तेव्हापासून तीन वर्षं कळकवाडीचा आकडा शून्य. आजूबाजूचे डोंगर कधी दोन मिलिमीटर, कधी पाच मिलिमीटर सरकायचे. कळकवाडी ठार शून्य, भर आषाढातसुद्धा. पेपरात फोटो आला. वाडीवाल्यांची छाती दोन इंच फुगली. "आईनं डोंगर धरून ठेवलाय!" असं जो तो सांगत फिरू लागला.

हर्षदा गुरवला मात्र तो शून्य अलीकडे रुचेनासा झाला होता. ती त्या वाडीचीच लेक, काळकाईचे पुजारी दत्ताराम गुरव यांची एकुलती एक. भौतिकशास्त्र शिकून तालुक्याच्या गावी उतार-निरीक्षण केंद्रात कामाला लागली होती. दिवसभर पडद्यावरचे आकडे बघायचे, हे काम. आणि आकड्यांशी रोजचा सहवास असलेल्या माणसाला एक कळतं. निसर्गात इतकं स्वच्छ शून्य नसतं.

नवरात्रात ती घरी आली. येताना एक जुना, हातात धरायचा उपग्रह-मापक पिशवीत टाकून आणला. कशाला, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. परतीचा पाऊस चांगला आठवडाभर झोडपून नुकता थांबला होता. घराचं दार चौकटीत अडकलं, खांदा मारून उघडावं लागलं. परसातला फणस शेजाऱ्याच्या कौलांकडे वाकला होता. पाऊस, दुसरं काय, असं म्हणून ती देवळाकडे गेली.

दत्ताराम समईपाशी बसले होते. नवरात्रात ही समई नऊ दिवस विझू द्यायची नाही.

"आलीस गो?" ते म्हणाले. "बस. जरा ही पाचर धर."

समईच्या बैठकीखाली देवीच्या उजव्या अंगाला लाकडाची पाचर होती. ते ती काढून जाड पाचर घालत होते.

"हे कशाला, बाबा?"

"तेल सांडतंय येका बाजूनं. बूड झिजलंय बहुतेक. गेल्या साली बारीक ढलपी पुरली. आता बोटभर लाकूड लागतंय."

"समई झिजली की जमीन कलली?"

"घ्या! नाचता येईना अंगण वाकडं," दत्ताराम खोकत हसले. "समई जुनी झालीय म्हण की. तुज्या बापासारकी."

हर्षदाही हसली. पण तिची नजर समईतल्या तेलावर गेली. तेल कधी खोटं बोलत नाही. तिनं खाली बसून फरशी बघितली, मग देवीकडे बघितलं, मग देवीच्या पाठीतल्या त्या कांडीकडे. 

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तीन वर्षं सगळे शून्याचं कौतुक करत बसले होते, आणि ज्या जागेवरून मोजायचं तीच जागा सरकत होती! पाटावर सोंगट्या मांडाव्यात आणि पाटच हळूहळू ओढावा, तसं. सोंगट्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. वाडी, शेतं, फणस, कण, कांडी आणि काळकाई, सगळा उतार अखंड एका तुकड्यानं खाली चालला होता. म्हणून तर ते शून्य इतकं स्वच्छ होतं. काळकाई पाताळात रुजलेली नव्हती. कुठल्या तरी युगात वरून गडगडत आलेला तो एक धोंडा होता, मातीत रुतून बसलेला.

ती मापक घेऊन देवळाखालच्या उघड्या खाचरात गेली, जागा मोजली आणि तिथून टेपनं दगडापर्यंत आली. कांडी ठोकली तेव्हाची जागा कागदोपत्री होतीच. दगड नदीच्या दिशेला चांगला माणूसभर सरकला होता. त्यातलं निम्मं अंतर गेल्या दोन महिन्यांतलं.

तिनं केंद्रप्रमुख रेवती कानिटकरांना फोन लावला. बाई फटकळ, पण जाणत्या. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी काय करू? यंत्र त्या एका नोंदलेल्या कांडीचंच ऐकतं, दुसरी चालत नाही. तुझं मापक त्याच्या लेखी कुणीच नाही. ती कांडी उपट आणि नदीपलीकडच्या शाळेजवळ काळा कातळ आहे, त्यात ठोक. त्या कातळाची जागा यंत्रात आधीच नोंदलेली आहे, मग ते आपोआप नव्यानं मोजेल."

"घट बसलेत, मॅडम. घट बसल्यावर देवीच्या अंगाला लोखंड लावत नाहीत. दसऱ्यापर्यंत कुणी हात लावू देणार नाही."

"दसरा कधी आहे?"

"अजून चार दिवस."

 "मग गावाला समजाव. गावानं ठरवलं तर निघता येतं."

गावाला समजाव! सांगायला सोपं. हर्षदानं यशवंतरावांच्या ओटीवर बसून तास दीड तास समजावलं. यशवंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खरवस खायला घातला, सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझंच यंत्र म्हणतंय धोका नाही, आणि तू म्हणतेस आहे?"

"यंत्राला आपणच फसवलंय, काका."

"ते असू दे. पलीकडच्या खोऱ्यातली माणसं धरणात उठली, विस्थापित म्हणून त्यांचे कसे हाल झाले, पाहिलेस ना? बापाला एका गावात जागा, लेकाला दुसऱ्या. आमची वाडी अशी उगाच उठायची नाही. आईला विचारू. ती जा म्हणाली तर तासाभरात निघू, माझा शब्द."

कौल लावायचा म्हणजे काय, ते सांगतो. पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या, कळे म्हणतात त्यांना, देवीच्या दोन्ही खांद्यांखाली चिकटवायच्या. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, अमुक असेल तर उजवी दे. उजवा कळा आधी पडला की देवीचा होकार, डावा पडला की नकार. घटात लोखंड चालत नसलं तरी फुलं-पाणी चालतं.

हर्षदा थेट देवळात आली.

"बाबा, गेल्या दोन वर्षांत डावा कळा एकदा तरी पडलाय?"

दत्ताराम तेल घालता घालता थांबले. त्यांनी आठवून पाहिलं. लग्नं जुळवली, उजवा. विहिरीची जागा, उजवा. बंड्या मांडवकराचं शहामृग पाळायचं खूळ, त्यालाही उजवा. आणि शहामृगं सगळी मेली. "नाय बा," ते हळूच म्हणाले. "आमी म्हणायचो, देवी खुशीत हाय."

"देवी उजवीकडे कललीय. त्या बाजूचा कळा अधांतरी लोंबतो, म्हणून तोच आधी पडतो. डावा आडव्यावर ठेवल्यासारखा बसून राहतो. उद्या विचाराल की 'राहू का', तर उजवा पडणार. वाडी राहणार. आणि सगळे जाणार, बाबा."

म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. "म्हंजे माजे दोन वर्साचे कौल समदे खोटे?"

हे वाक्य ऐकून हर्षदाला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं. ती त्यांच्यापाशी खाली बसली. लहानपणी तिनं त्यांना शाळेतलं विस्थापन शिकवलं होतं, इथंच, या पायरीवर. घरातून निघून घरी परतलं की विस्थापन शून्य, असं ती म्हणाली होती, आणि दत्ताराम म्हणाले होते, "मग तुज्या आयेचं जल्मभराचं शून्यच की गो. हीर ते घर, घर ते हीर." आई त्याच वर्षी गेली. त्यानंतर दत्तारामांनी देवळाची पायरी फारशी सोडली नाही.

"बाबा, प्रश्न उलटा घाला," ती म्हणाली. "'जायचं असेल तर उजवी दे' म्हणा. उजवा पडेल. सगळे निघतील."

"म्हंजे ठरवायचं तू, आणि बोलायचं देवीनं?"

"हो."

"आणि मदी मी." त्यांनी समईची वात सारखी केली. "माज्या हातनं आजवर येक कळा मुद्दाम सुटला नाय, पोरी."

"मग तुम्ही एकटे तरी चला माझ्याबरोबर. मला बाकी काही नको."

"दिवा कोण बघंल? तुजी आय असती तर तिनं तेल घातलं असतं, मी आलो असतो." आणि मग, बुधलीला बूच लावत, "बगू उद्या."

सप्तमीला सकाळी सगळी वाडी देवळासमोर जमली. आभाळ मोकळं झालं होतं. यशवंतरावांची सून सुगंधा दोन जुळ्या पोरांना घेऊन खांबाला टेकून उभी होती. दत्तारामांनी कळे भिजवले.  दोन्ही कळे लावून ते मागे सरले आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे आई काळकाई, डोंगराच्या धनीणबाई, तुजी लेकरं तुज्या पायाशी आलीत..."

"व्हय महाराजा!" लोक गरजले.

"चुकलंमाकलं पोटात घाल..."

"व्हय महाराजा!"

"पोर म्हणते डोंगर येतोय. आमाला काय कळत नाय. तर आई..." दत्ताराम थांबले. हर्षदानं डोळे मिटले. "तर आई, लेकरांनी वाडी सोडून जावं असं तुज्या मनात आसंल, तर उजवी दे. नसंल तर डावी दे."

"व्हय..." लोकांचा आवाज अडखळला. यशवंतरावांनी चमकून बघितलं. "दत्ता, उलटं का घातलंस?"

"येकच हाय," दत्ताराम म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. जन्मभरात पहिल्यांदा त्यांनी देवीच्या तोंडी आपलं वाक्य घातलं होतं, ते लेकीसाठी.

सगळे बघत राहिले. कळे चिकटून होते. पाण्याचा थेंब ओघळला. कळा सुटला आणि पडला.

डावा.

 एकच जल्लोष झाला. "जायचं नाय! आई म्हणते जायचं नाय!" ढोल वाजायला लागला. यशवंतरावांनी डोळे पुसले.

हर्षदाला वाटलं, काहीतरी चुकलं. मग तिनं समई पाहिली. तेल सांडत होतं, डाव्या बाजूनं. काल उजव्या अंगाला घातलेली जाड पाचर आता समईला आणखी डावीकडे लोटत होती. एका रात्रीत जमीन दुसऱ्या अंगावर कलली होती. उताराचा पायथा कुठंतरी सुटला, की वरचा सगळा तुकडा असा कूस बदलतो. त्यानंतर त्याला धरणारं खाली काही उरत नाही.

"काका, थांबा!" ती ओरडली. "दोन वर्षं दगड उजवीकडे कललेला, म्हणून उजवाच पडायचा! डावा पडला म्हणजे दगड फिरलाय! आता वेळच नाही! समई बघा..."

ढोल थांबला. यशवंतराव शांतपणे म्हणाले, "उजवा पडायचा, तो म्हणे दगड कललाय म्हणून. आज डावा पडला, तोही दगड कललाय म्हणून. पोरी, तुझा न्याय बरा आहे. चित भी तुझी, पट भी तुझी."

लोक हसले. आणि गंमत अशी, की त्यांचं काही चुकत नव्हतं. हर्षदाच्या जागी दुसरं कुणी हेच बोललं असतं, तर तीही हसली असती. खरं तिच्या हातात होतं आणि ते दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. यंत्र तिला विचारत नव्हतं, देवी तिच्या बाजूनं बोलली नव्हती. ती रडायला लागली, आणि मग तर कुणी तिचं काही ऐकेनाच. रडणाऱ्या बाईला पाणी देतात, तिचं म्हणणं ऐकत नाहीत.

गर्दी पांगल्यावर दत्तारामांनी समईखालची पाचर काढली. समई जराशी सावरली. त्यांनी ती पाचर लेकीच्या हातात दिली.

"घे. आता नको ही."

"बाबा, चला ना. पाया पडते तुमच्या."

"ओळखलं तिनं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. "मी लबाडी केली, ती तिनं ओळखली. दोन वर्सं मला वाटत व्हतं, ती बोलतच नाय. बोलली गो! आता मी कसा जाऊ?"

हर्षदानंच त्यांना उलटा प्रश्न सुचवला होता. आता त्याच प्रश्नानं म्हातारा त्या दगडाला घट्ट बांधला गेला, आणि ती गाठ तिला सुटेना. तिनं हात ओढला, भांडली, जन्मभर तोंड बघणार नाही म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेलाची बुधली आणायला गेले.

तिच्याबरोबर वाडी सोडून निघाली ती एकटी सुगंधा. देवीवर भरवसा होता, पण पोरं तिची होती. नदीवरच्या साकवावरून त्या पलीकडे शाळेत गेल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

अष्टमी उजाडली ती लख्ख. आभाळ धुतल्यासारखं निळं, भातं पिकायला आलेली. दुपारी नैवेद्याच्या वेळी यशवंतराव साकव ओलांडून सुनेला न्यायला आले. "पुरे झालं आता. पुरणाचं जेवण सोडून शाळेत काय बसलीस?" हर्षदाही त्यांच्याबरोबर निघाली. बापाला पुन्हा एकदा विचारायचं, नाहीच आला तर खांद्यावर टाकून आणायचं, असं तिनं ठरवलं होतं. ती साकवाच्या तोंडाशी पोचली आणि तिनं वर बघितलं.

देवराई चालत होती. झाडं उभीच्या उभी, पानही न हलवता खाली येत होती. त्यांच्याबरोबर घरं येत होती, कौलांवर धूर तसाच. आवाज नव्हता. मग आवाज आला, आणि त्यानंतर बराच वेळ फक्त आवाजच होता.

धूळ बसली तेव्हा कळकवाडी नदीत येऊन टेकली होती. माळ्यावरून खाली पडलेल्या खेळण्यासारखी ती जवळजवळ जशीच्या तशी होती, नुसती मोडलेली. वरच्या अंगाच्या घरांतून माणसं रांगत बाहेर येत होती. नदीकडची घरं चिखलात गेली होती, साकव जरा बाजूला होता म्हणून तेवढा वाचला होता. देऊळ पडलं होतं. काळकाई उघड्या आभाळाखाली नदीकाठी उभी होती, चिऱ्यांच्या ढिगात. दत्ताराम दिसत नव्हते.

हर्षदा हातांनी चिरे उपसत राहिली. "बाबा, ओ द्या, बाबा!" कुणी ओ दिली नाही. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. यंत्राचा रोजचा निरोप होता. कळकवाडी, विस्थापन शून्य. रहिवाशांनी निश्चिंत असावं.

पाट सरकला होता, सोंगट्या जागच्या जागी होत्या. काठावरचे काही कण मुके झाले होते. यंत्रानं ते नादुरुस्त धरून सोडून दिले.

नायब तहसीलदार मोटरसायकलवरून एकटेच आले. भला माणूस. "गाड्या मागवल्या, पण यंत्र सोडत नाही," ते म्हणाले. "छावणीचं कुलूपही त्याच्याच ताब्यात. माझ्या फोनवर कळकवाडी अजून हिरवीच आहे. यादीत एकही विस्थापित नाही."

यशवंतराव चिखलात बसले होते. त्यांनी मान वर केली. "आम्ही हललो नाही?"

"यंत्रात नाही, काका," हर्षदा म्हणाली.

"पोरी," ते हर्षदाला म्हणाले, "काय करायचं सांग. आता सांग. आता ऐकतो."

रेवतीबाई तिकडून फोनवर ओरडतच होत्या, कांडी काढ, कांडी काढ. हर्षदानं देवीच्या पाठीकडे बोट दाखवलं. यशवंतराव उठले. कुणाच्या तरी पडलेल्या घरातून त्यांनी पहार ओढून काढली. घट अजून उठले नव्हते. त्यांनी पहार कपाळाला लावली, "आई, पोटात घाल" म्हणाले आणि देवीच्या पाठीत घाव घातला. दोन दिवसांपूर्वी हाच घाव घातला असता तर, हे त्या वेळी तिथं प्रत्येकाच्या मनात आलं.

हर्षदा कांडी घेऊन साकवावरून पळाली. शाळेमागच्या काळ्या कातळात एक फट होती. कांडी तिच्यात सैल बसली, डुगडुगायला लागली. ठोकायला काही नव्हतं. तिनं पिशवी चाचपली, तर हाताला बापानं दिलेली पाचर लागली. ती तिनं फटीत घालून दगडानं ठोकली. कांडी घट्ट झाली.

यंत्रानं नव्या मूळबिंदूवरून कणांना हाका मारल्या. शून्य गेलं आणि खरा आकडा आला. केंद्रातला पडदा लाल झाला. मग कायद्यात लिहिल्याप्रमाणे सगळं बिनचूक झालं. गाड्या निघाल्या, छावणीचं कुलूप उघडलं, यादीत नावं पडली. आणि कळकवाडीत नोंदलेल्या प्रत्येक फोनवर भोंगा वाजला.

यशवंतरावांच्या हातात वाजला. सुगंधाच्या कमरेला वाजला. आणि मग नदीपलीकडून, चिखलाच्या खालून, एकामागून एक असे बरेच वाजायला लागले.

दत्तारामांना कमी ऐकू यायचं म्हणून त्यांनी आवाज मोठ्यात मोठा ठेवलेला असायचा. देवीच्या डाव्या अंगाला, चिऱ्यांच्या ढिगाखालून तो स्पष्ट येत होता. हर्षदा त्या आवाजाकडे धावत सुटली. धोका आहे, घर ताबडतोब सोडा, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.